लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, दुखणे मात्र कायम: मूत्राशयाची जुनाट वेदना आणि तिचे निदान

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळपाणी असे घरगुती उपाय सुरू होतात. तेवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानातून लघवीचे सायरप येते, आणि त्यानेही आराम पडला नाही तर फॅमिली डॉक्टर काही दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लिहून देतात. बहुतेकांचे दुखणे इथवर येऊन थांबते, कारण ते जिवाणूंच्या संसर्गामुळे आलेले असते आणि संसर्गाबरोबर तेही जाते. हा लेख उरलेल्यांविषयी आहे: ज्यांची जळजळ जाते आणि पंधरा दिवसांत परत येते, ज्यांचे ओटीपोट सतत ठणकत राहते, ज्यांना दिवसा पाऊण-एक तासाने आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, आणि तपासणीला दिलेल्या लघवीचा रिपोर्ट मात्र दर वेळी स्वच्छ येतो.

या आजाराला वैद्यकात ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. केसपेपरवर कधी एक नाव दिसते, कधी दुसरे, तर कधी ‘आयसी/बीपीएस’ असे जोडनाव. त्यामुळे आपल्याला दोन आजार झाले आहेत असे समजून घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूत्राशयाशी निगडित वाटणारी वेदना, दाब किंवा अस्वस्थता सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तिच्यासोबत लघवीच्या तक्रारी असल्या, आणि संसर्ग किंवा दुसरे कोणतेही स्पष्ट कारण सापडले नाही, तर हे निदान करता येते. युरोपातील तज्ज्ञांनी २००८ मध्ये मांडलेल्या निकषांत हाच कालावधी सहा महिन्यांचा आहे. अमेरिकी सूचनांनी तो मुद्दाम कमी ठेवला, कारण सहा महिने थांबायचे म्हणजे तेवढा काळ उपचार लांबवायचे.

या व्याख्येतला शेवटचा भाग, म्हणजे ‘दुसरे कोणतेही कारण सापडले नाही तर’, वाचताना सहज निसटतो, पण या आजाराच्या निदानाचे सगळे कष्ट त्यातच आहेत. रक्ताची एखादी चाचणी, एखादा एक्स-रे किंवा स्कॅन करून ‘तुम्हाला हा आजार आहे’ असे सांगता येत नाही. मधुमेहाचे निदान साखरेच्या आकड्यावरून होते, तसा आकडा इथे नाही. रुग्णाचे नीट ऐकून घेणे, वेदनेची ठेवण ओळखणे आणि तसेच दिसणारे दुसरे आजार एकेक करून बाजूला काढणे, एवढ्यावर हे निदान उभे असते. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य या रुग्णांच्या बाबतीत तर्कालाच धरून नाही. रिपोर्ट नॉर्मल असणे ही इथे निदानाची एक अट आहे. तो आजार नसल्याचा पुरावा नव्हे.

वेदनेची ठेवण म्हणजे काय ते आधी पाहू. मूत्राशय भरत जाईल तशी कळ किंवा दाब वाढत जातो आणि लघवी केल्यावर थोडा वेळ तरी कमी होतो, हे या आजाराचे सर्वांत बोलके लक्षण. वेदना ओटीपोटात असेलच असे नाही. ती मूत्रमार्गात, योनीच्या आसपास, कमरेच्या खालच्या भागात किंवा मांडीच्या आतल्या बाजूला जाणवू शकते, आणि पुरुषांत वृषणांपर्यंत किंवा शिश्नाच्या टोकापर्यंत पोहोचू शकते. काही जण त्याला ‘दुखते’ असे म्हणतच नाहीत. त्यांना नुसते जड वाटते, भरल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी ‘दुखते का?’ एवढेच विचारले, रुग्णाने प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले, आणि गाडी दुसऱ्या रुळावर गेली, असे घडू शकते.

तो दुसरा रूळ बहुतेक वेळा ‘ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर’चा असतो. दोन्ही आजारांत माणूस सारखा स्वच्छतागृहाकडे धावतो, पण धावण्यामागची भीती निराळी असते. ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडरमध्ये ‘आता गेलो नाही तर कपड्यात होईल’ अशी अचानक घाई असते; मूत्राशयाच्या वेदनेच्या आजारात ‘आता गेलो नाही तर कळ सहन होणार नाही’ असे वाटते. ‘लघवी रोखून धरली तर काय होईल, असे तुम्हाला वाटते?’ हा एकच प्रश्न नीट विचारला तर पुष्कळ उलगडा होतो, आणि त्याला पैसाही लागत नाही.

आता लघवीच्या तपासणीकडे वळू, कारण घोळ होण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त असते. प्रयोगशाळेत लघवीच्या दोन वेगळ्या तपासण्या होतात. ‘यूरिन रूटीन’मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, स्फटिक वगैरे पाहतात आणि प्रथिने, साखर तपासतात. ‘कल्चर’मध्ये लघवीतले जिवाणू वाढवून ते कोणते आणि किती आहेत, कोणत्या औषधाला दाद देतात, हे पाहतात. रूटीनमध्ये चार पांढऱ्या पेशी जास्त दिसल्या म्हणजे संसर्ग सिद्ध झाला, असे होत नाही. कल्चरमध्ये दर मिलीलिटरला एक लाख जिवाणू हा जुना आणि सर्वत्र वापरला जाणारा उंबरठा आहे. परंतु लक्षणे असलेल्या स्त्रियांमध्ये याहून पुष्कळ कमी संख्येनेही खरा संसर्ग असू शकतो, तर उलटपक्षी तीन-चार जातींचे जिवाणू एकदम वाढले असतील तर नमुनाच दूषित झाल्याची शक्यता अधिक असते.

नमुना देण्याची पद्धत म्हणूनच महत्त्वाची आहे. निर्जंतुक डबीचे झाकण आयत्या वेळी उघडावे, आतल्या बाजूला बोट लावू नये, जागा पाण्याने स्वच्छ करावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. डबी तास-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. ते शक्य नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी. घरी सकाळी सहाला घेतलेला नमुना पर्समध्ये ठेवून उन्हातान्हातून अकरा वाजता काउंटरवर दिला, तर मधल्या वेळात त्यात जिवाणू वाढलेले असतात आणि रिपोर्टमध्ये नसलेला संसर्ग दिसू लागतो. याच्या अगदी उलटही होते: आधी दोन दिवस घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेतली आणि मग कल्चर दिले, तर असलेला संसर्गही दिसत नाही. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्यायचा असतो, हा साधा क्रम पाळला तरी पुढचे कित्येक महिने वाचू शकतात.

कारण हा क्रम मोडला की एक चक्र सुरू होते. जळजळ होते, कल्चर न करताच गोळ्या दिल्या जातात, आठ-दहा दिवसांत बरे वाटते, आणि ‘म्हणजे संसर्गच होता’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक या आजाराची तीव्रता आपोआपही कमी-जास्त होत असते. काही दिवस उसळी येते आणि मग ती ओसरते. गोळ्या आणि ओसरण्याची वेळ एकच आली की श्रेय गोळ्यांना जाते. पुढच्या उसळीला आणखी जोरकस गोळ्या येतात. कल्चरमध्ये काही निघत नसताना असे कोर्सवर कोर्स घेतल्याने मूत्राशयाची वेदना बरी होत नाही, उलट शरीरातले जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. या आजारात दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नये असे अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही स्पष्टपणे सांगतात. माझ्या मते वर्षभरात तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून मिळत असेल आणि हातात एकही पॉझिटिव्ह कल्चर रिपोर्ट नसेल, तर रुग्णाने संकोच न करता ‘हा संसर्गच आहे हे कशावरून?’ असे विचारावे.

मग संसर्ग नसताना मूत्राशय दुखते तरी का? मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर पेशींचा एक खास थर असतो आणि त्याच्यावर शर्करायुक्त रेणूंचे पातळ, ओलसर आवरण असते. लघवीतले पोटॅशियम, आम्ल आणि इतर क्षार खालच्या नसांपर्यंत पोहोचू न देणे हे त्यांचे काम. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, तसाच काहीसा प्रकार हे आवरण विरळ झाल्यावर होतो, अशी एक महत्त्वाची उपपत्ती आहे: लघवी तीच असते, पण ती आता भिंतीला झोंबू लागते. काही रुग्णांच्या मूत्राशयाच्या भिंतीत मास्ट पेशी, म्हणजे अॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी, वाढलेल्या आढळतात. आणि दीर्घकाळ वेदनेचे संदेश वाहून वाहून मज्जारज्जू व मेंदू यांची संवेदनशीलताही वाढते. मग शंभर मिलीलिटर लघवी जमली तरी ती चारशे जमल्यासारखी जाणवते. प्रत्येक रुग्णात ही तिन्ही कारणे असतात असे नाही. एका नावाखाली बहुधा एकाहून अधिक आजार दडलेले आहेत, असेच आता बहुतेक अभ्यासक मानतात. या रुग्णांत आतड्यांचा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार), अर्धशिशी हे आजार सामान्यांपेक्षा अधिक आढळतात, त्यामुळे पोट, सांधे, डोके यांच्या तक्रारी वेगळ्या न ठेवता मूत्राशयाच्या डॉक्टरांनाही सांगाव्यात.

हे चित्र स्पष्ट व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागली, आणि मधल्या काळात रुग्णांनी बरेच भोगले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ मध्ये मूत्राशयातल्या एका विशिष्ट व्रणाचे वर्णन केले आणि तो सहज सापडत नाही हेही सांगितले. पुढे व्रण दिसला तर आजार, नाही तर ‘बाईच्या मनाचे खेळ’ अशी विभागणी रूढ झाली. व्हिकी रॅटनर या अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थिनीला स्वतःलाच हा आजार झाला आणि निदानासाठी तिला डॉक्टरांमागून डॉक्टर बदलावे लागले. तिने १९८४ मध्ये रुग्णांची संघटना उभी केली. त्यानंतर, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधनासाठी निकष ठरवले. ते मुद्दाम कडक होते, कारण संशोधनात शंका असलेले रुग्ण नको होते. पण दवाखान्यांतही तेच वापरले जाऊ लागले, आणि अनुभवी डॉक्टरांनी ज्यांना हा आजार असल्याचे मानले होते त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण या निकषांत बसत नाहीत, असे १९९९ मध्ये दिसून आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीनुसार, निकष किती कडक धरले यावर अवलंबून, तिथल्या २.७ ते ६.५ टक्के प्रौढ स्त्रियांना या आजाराची लक्षणे होती. मात्र त्यांच्यापैकी दहात एकीलाही हे निदान मिळालेले नव्हते.

निदानाच्या साधनांत मला सर्वांत मोलाची वाटते ती लघवीची डायरी. तीन दिवस, त्यातला एक शक्यतो सुट्टीचा, दर वेळी किती वाजता लघवी झाली, मापाच्या मगात ती किती मिलीलिटर भरली, त्या वेळी वेदना शून्य ते दहामध्ये किती होती आणि मध्ये काय प्यायले-खाल्ले, एवढेच लिहायचे. समजा एका पानावर असे आहे: सकाळी ६.१५ ला १३० मिली, वेदना ६, ७ वाजता चहा, ७.३० ला ७० मिली, वेदना ७, ८.१० ला ६० मिली, वेदना ७. मग लोकलच्या प्रवासात ९.४० पर्यंत रोखून धरली, तेव्हा १५० मिली आणि वेदना ९. नुसते ‘सारखी लघवी होते’ या वाक्यातून यातले काहीच कळत नाही. निरोगी माणसाच्या मूत्राशयात तीनशे ते पाचशे मिलीलिटर लघवी आरामात मावते आणि दिवसातून सात-आठ वेळा जाणे नेहमीचे समजतात. वरच्या पानात दर वेळचे माप लहान आहे आणि मूत्राशय भरण्याबरोबर वेदना चढत आहे. याउलट दर वेळी तीनशे-चारशे मिलीलिटर होत असेल तर मूत्राशयापेक्षा पाणी पिण्याचे प्रमाण किंवा रक्तातली साखर तपासायला हवी. रात्री झोपेत माप वाढते का, दिवसाच लहान राहते का, हेही यातूनच दिसते.

एसटीने किंवा लोकलने रोज प्रवास करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या किंवा शेतावर काम करणाऱ्या अनेक स्त्रिया वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांच्या डायरीत वेळा कमी दिसतात आणि डॉक्टरांना आजार सौम्य वाटू शकतो. शिवाय घट्ट, गडद लघवी मूत्राशयाला अधिक झोंबते. त्यामुळे डायरीत किती पाणी प्यायले आणि ‘मुद्दाम प्यायले नाही’ हेही लिहावे.

शारीरिक तपासणीचा भाग आपल्याकडे संकोचामुळे पुष्कळदा गळतो. ओटीपोट दाबून पाहणे, आणि स्त्रियांमध्ये योनीमार्गातून एका बोटाने मूत्राशयाचा तळ व ओटीपोटाच्या तळातले स्नायू हलके दाबून पाहणे, यातून मोठी माहिती मिळते. पुष्कळ रुग्णांत हे स्नायू दोरीसारखे ताठ झालेले असतात आणि विशिष्ट जागी दाबले की रुग्ण ‘हेच, हेच माझे दुखणे’ असे म्हणतो. ही गोष्ट कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाही. तपासणी कशासाठी आहे हे आधी समजावून सांगावे आणि सोबत परिचारिका असावी, ही अपेक्षा रुग्णाने ठेवणे गैर नाही. शरीरसंबंधाच्या वेळी किंवा नंतर दुखते का, पाळीच्या आधी वाढते का, हेही विचारले गेले पाहिजे. विचारले नाही तर सांगितले पाहिजे. पुरुषांच्या बाबतीत अशा तक्रारींवर लगेच प्रोस्टेटची सूज असा शिक्का बसतो. दोन्ही आजारांची लक्षणे इतकी एकमेकांत मिसळतात की पुरुषांतही मूत्राशयाच्या वेदनेचा विचार वेळेवर व्हायला हवा.

सोनोग्राफी बहुतेकांची होते. सेंटरवर भरपूर पाणी प्यायला लावून ‘फुल ब्लॅडर’ झाल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि या रुग्णांसाठी ती तासाभराची प्रतीक्षा हीच मोठी शिक्षा असते. आपला त्रास आधीच सांगून नंबर पुढे घेण्याची विनंती जरूर करावी. या तपासणीतून आजार दिसत नाही, पण खडा, गाठ, मूत्रपिंडाची सूज हे दिसते, आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते हे कळते. मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला लहानसा खडा हुबेहूब अशीच लक्षणे निर्माण करतो.

वगळायच्या आजारांमध्ये भारतात एक नाव आवर्जून घ्यायला हवे, ते क्षयरोगाचे. मूत्रमार्गाच्या क्षयरोगात लघवीत पांढऱ्या पेशी असतात, पण साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, कारण क्षयाचे जंतू त्या पद्धतीने वाढतच नाहीत. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, खोकला यांपैकी काहीही नसताना हा आजार असू शकतो. उशीर झाला तर मूत्राशय आकसून इतके लहान होते की नंतर औषधांनी जंतू मेले तरी त्याची धारणाशक्ती परत येत नाही. म्हणून पांढऱ्या पेशी पुन्हापुन्हा दिसत असतील आणि कल्चर स्वच्छ असेल, तर सलग काही दिवस पहाटेच्या पहिल्या लघवीचे नमुने क्षयरोगासाठी तपासतात. सीबीनॅट ही जनुकीय तपासणी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात उपलब्ध आहे. लघवीच्या संसर्गासाठी दिली जाणारी फ्लुरोक्विनोलोन गटातली काही औषधे क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात, हे अंदाजाने कोर्स न घेण्याचे आणखी एक कारण.

दुसरे नाव कर्करोगाचे. लघवीतून रक्त जात असेल, ते डोळ्यांना दिसो वा फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, तर ते ‘उष्णतेचे’ म्हणून सोडून देऊ नये. वय चाळिशीच्या पुढे असेल, विडी-सिगारेटची सवय असेल किंवा रंग-रबर उद्योगातील रसायनांशी संबंध आलेला असेल, तर दुर्बिणीने मूत्राशय पाहणे आणि लघवीतल्या पेशींची सायटोलॉजी करणे टाळता येत नाही. मूत्राशयाच्या अस्तरापुरता मर्यादित असलेला एक सपाट कर्करोग सोनोग्राफीत दिसत नाही आणि त्याची लक्षणे जळजळ व वारंवार लघवी हीच असतात. याशिवाय एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वी घेतलेले रेडिएशन, सायक्लोफॉस्फामाइडसारखे कर्करोगावरचे औषध, आणि तरुणांमध्ये नशेसाठी घेतले जाणारे केटामाइन, यांचीही चौकशी व्हायला हवी. शेवटचा प्रश्न आईवडिलांसमोर विचारला तर खरे उत्तर मिळणार नाही, हे उघड आहे.

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, प्रत्येकाला लागतेच असे नाही. लक्षणे नेमकी असतील, रक्त जात नसेल आणि शंकेला जागा नसेल तर तिच्याशिवाय उपचार सुरू करता येतात. पण हनर यांनी वर्णिलेला व्रण असल्याचा संशय आला, आणि तो पन्नाशीच्या पुढच्या रुग्णांत अधिक येतो, तर ती करायलाच हवी. हा व्रण म्हणजे खड्डा नव्हे. अस्तरावर एक लालसर चकता असतो, त्याच्या मध्याकडे बारीक रक्तवाहिन्या धावताना दिसतात, आणि मूत्राशयात पाणी भरत गेले की तिथे अस्तर फाटून रक्त झिरपू लागते. तो ओळखण्याचे महत्त्व असे की त्याच्यावर थेट इलाज आहे: तो जाळता येतो किंवा त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते, आणि पुष्कळ रुग्णांना लवकर आराम पडतो. तो आराम कायमचा नसतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा करावे लागते, पण अशा आजारात तेवढे मिळणेही थोडे नाही.

भूल देऊन मूत्राशय पाण्याने ताणले की अस्तरावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, आणि एकेकाळी त्यांनाच आजाराचा पुरावा मानत. १९९८ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, लघवीची कसलीही तक्रार नसलेल्या स्त्रियांची अशीच तपासणी केली असता त्यांच्यातही हे ठिपके सापडले. तेव्हा सिस्टोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ठिपके आहेत म्हणून आजार आहे, किंवा नाहीत म्हणून आजार नाही, यांपैकी कोणतेही विधान टिकत नाही. मूत्राशयात पोटॅशियमचे द्रावण सोडून वेदना होते का हे पाहण्याची चाचणीही आता सुचवली जात नाही. तिच्यातून निदान पक्के होत नाही आणि रुग्णाला विनाकारण कळ सोसावी लागते.

निदान ठरल्यावर उपचार कुठून सुरू करायचे हे त्या रुग्णात काय आढळले यावर ठरते, म्हणून वरचा सगळा खटाटोप. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, चिंच, तिखट, मद्य यांनी अनेकांचा त्रास वाढतो, पण सगळ्यांचा सगळ्यांनी नाही. आयुष्यभरासाठी सर्व काही बंद करून वरण-भातावर राहण्याऐवजी हे पदार्थ काही आठवडे सोडून मग एकेक परत सुरू करावा आणि डायरीत नोंद ठेवावी. ज्यांचे ओटीपोटाचे तळस्नायू ताठ आहेत त्यांना प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हाताने स्नायू सैल करून घेण्याचा फायदा होतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८१ स्त्रियांच्या एका चाचणीत अशा उपचाराने ५९ टक्के स्त्रियांना ठळक सुधारणा जाणवली, तर साध्या मालिशने २६ टक्क्यांना. इथे एक सावधगिरी हवी: लघवीच्या कोणत्याही तक्रारीवर सर्रास सुचवले जाणारे केगेल व्यायाम, म्हणजे तळस्नायू आवळून धरण्याचे व्यायाम, या रुग्णांनी करू नयेत, कारण आधीच आवळलेले स्नायू त्याने आणखी आवळतात.

औषधांपैकी अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचे औषध इथे कमी मात्रेत, नसांतली वेदना शमवण्यासाठी देतात. चिठ्ठीवर ते पाहून ‘मला वेडी ठरवले’ असे समजू नये. पेन्टोसॅन पॉलिसल्फेट हे औषध मूत्राशयाच्या आवरणाला आधार देते असे मानतात आणि अमेरिकेत १९९६ पासून त्याला मान्यता आहे. मात्र दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे २०१८ मध्ये निदर्शनास आले, म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि नंतर अधूनमधून नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा लागतो. गोळ्यांनी भागत नसेल तर बारीक नळीतून थेट मूत्राशयात औषध सोडतात. काय चालेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे एक उपाय पुरेसा काळ करून, डायरीशी ताडून, उपयोग नसल्यास तो बंद करून दुसरा घ्यावा लागतो.

एकदा आयसीचा शिक्का फायलीवर बसला की उलट्या बाजूने चूक होण्याचा धोका असतो, कारण अशा रुग्णालाही इतरांसारखा खरा संसर्ग होऊ शकतो, आणि तेव्हा अँटिबायोटिक आवश्यकच असते. ताप आला, कुशीत दुखू लागले, लघवीला वेगळीच दुर्गंधी येऊ लागली किंवा नेहमीच्या उसळीपेक्षा दुखणे निराळे वाटले, तर पहिली गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना द्यावा. लघवीत नव्याने रक्त दिसले तर जुने निदान बाजूला ठेवून तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्यात, मग आधीची सिस्टोस्कोपी कितीही स्वच्छ असो.